कपाटाची किल्ली कुणाकडे?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आज मी तुमच्याशी शाळेतल्या एका कपाटाविषयी बोलणार आहे. तुमच्या गावच्या शाळेतही ते असेल. मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागं भिंतीला टेकून उभं असतं, लोखंडी, रंग उडालेलं. वर पृथ्वीचा गोल, शेजारी गुंडाळलेले नकाशे. दाराला कुलूप. आत पुस्तकं असतात. शाळेच्या कागदपत्रांत या कपाटालाच ग्रंथालय म्हणतात.

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. पहिल्या शाळेत रुजू झाले तेव्हा आधीच्या गुरुजींनी मला चार्ज दिला. जडवस्तू संग्रह नोंदवही उघडून एकेक वस्तू मोजून दिली. खुर्च्या चार, टेबल एक, घंटा एक, पाण्याचा पिंप एक, पुस्तकं दोनशे चौदा. मग कपाटाची किल्ली हातात ठेवत म्हणाले, “बाई, ही जपून ठेवा. एक जरी पुस्तक गेलं तरी आपल्याला भरून द्यावं लागतं.”

मी किल्ली जपली. सातवीतली एक मुलगी शनिवारी शाळा सुटली की कपाटापाशी घुटमळायची. कपाटाच्या दाराला जाळी होती, जाळीतून पुस्तकांच्या पाठी दिसायच्या. एकदा म्हणाली, “बाई, ते लाल पुठ्ठ्याचं पुस्तक कशाचं आहे?” मी म्हटलं, “परीक्षा झाली की देते.” परीक्षा झाली, शाळेला सुट्टी लागली, आणि जूनमध्ये ती आठवीला कुठंच गेली नाही. पुढची शाळा दुसऱ्या गावात होती, म्हणून घरच्यांनी तिला घरीच ठेवलं. ते पुस्तक कशाचं होतं, हे तिला कधीच कळलं नाही.

सहा वर्षांनी माझी बदली झाली. मी चार्ज दिला तेव्हा पुस्तकं मोजली, दोनशे चौदा. एकही हरवलं नव्हतं. माझं काम चोख झालं असं सगळे म्हणाले, आणि मलाही तसंच वाटलं. आपण कसली राखण केली, हे कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली.

ही सवय माझ्या एकटीची नव्हती. पुस्तक कुणाच्या हातात द्यायचं आणि कुणाच्या हातात द्यायचं नाही, याला आपल्याकडं मोठा इतिहास आहे. तो आज थोडक्यात सांगते.

आपल्या भागात सार्वजनिक वाचनालयं दोनशे वर्षांपूर्वी सुरू झाली. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 सालचं. पण त्या काळची वाचनालयं मुख्यतः साहेबलोक, सरकारी नोकर आणि शिकलेले पुरुष यांच्यासाठी होती. बाईनं तिथं जावं हे कुणाच्या मनातही येत नव्हतं. दलितांचा तर प्रश्नच नव्हता.

1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. पुढं त्यांनी आणखी शाळा काढल्या. त्यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मातंग समाजातली मुलगी शिकत होती. चौदा वर्षांच्या या मुलीनं मांग-महारांच्या दुःखावर एक निबंध लिहिला आणि 1855 साली तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. याच मुक्ताची एक आठवण सांगतात. एका समारंभात पाहुण्या इंग्रज साहेबानं तिला खाऊ दिला, तेव्हा ती म्हणाली की आम्हाला खाऊ नको, ग्रंथालय द्या. आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, शब्द थोडे इकडचे तिकडे झाले असतील. पण ज्या मुलीचा निबंध आजही वाचला जातो, तिनं हे मागितलं असेल यात मला नवल वाटत नाही. अक्षर ओळखू आलं की पुढची भूक पुस्तकाचीच असते. शाळेनं वाचायला शिकवायचं आणि वाचायला काहीच द्यायचं नाही, हे चूल पेटवून तवा रिकामा ठेवण्यासारखं आहे.

यानंतर पन्नास-साठ वर्षांनी हे काम मोठ्या प्रमाणावर झालं ते बडोद्याला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचे, शेतकऱ्याच्या घरातले. दत्तक जाऊन ते राजे झाले. 1906 साली त्यांनी आपल्या सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलींनासुद्धा. मग त्यांच्या लक्षात आलं की मूल चार इयत्ता शिकतं, शाळा सोडतं आणि काही वर्षांत शिकलेलं विसरून जातं, कारण गावात वाचायला काही नसतं. म्हणून 1910 साली त्यांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले. बडोद्यात मोठं मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं. त्यात महिलांसाठी वेगळी सोय होती, मुलांसाठी वेगळा विभाग होता. ग्रंथपालाचं काम शिकवणारा वर्गही तिथं सुरू झाला. पुस्तकं सांभाळणं हे शिकून करायचं काम आहे, ही गोष्ट आपल्या देशात तिथून रुजायला लागली.

गावांसाठी महाराजांनी दोन युक्त्या केल्या. पहिली अशी, की गावानं ग्रंथालयासाठी वर्गणी काढली, तर तेवढीच रक्कम संस्थान देणार आणि तेवढीच पंचायत देणार. म्हणजे गावाच्या एका रुपयाचे तीन रुपये होत. दुसरी युक्ती फिरत्या पेट्यांची. लाकडी पेटीत पुस्तकं भरून ती पेटी गावाला धाडायची, वाचून झाली की परत बोलवायची आणि दुसरी पाठवायची. बऱ्याच गावांत ही पुस्तकं सांभाळायचं काम शाळेच्या मास्तरांकडंच असे. तो मास्तर म्हणजे आपल्याकडचा सुरुवातीचा शिक्षक-ग्रंथपाल म्हणायचा. दिवसा मुलांना शिकवायचं आणि संध्याकाळी गावाला पुस्तकं द्यायची. त्याची पेटी उघडण्यासाठीच आलेली असे.

त्याच गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका लहान मुलांच्या शिक्षणाचे नवे प्रयोग करत होते. आपल्या ताराबाई मोडक तिथं त्यांच्याबरोबर काम करत होत्या. याच ताराबाईंनी पुढं बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांसाठी अंगणवाड्या काढल्या, म्हणून त्यांचं नाव तुम्हाला ठाऊक असेल. गिजुभाईंनी ‘दिवास्वप्न’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यातला मास्तर पाठ्यपुस्तकांवर खर्च व्हायचे पैसे एकत्र करतो आणि त्यातून गोष्टींची वेगवेगळी पुस्तकं आणून वर्गाचं ग्रंथालय करतो. हिशेब साधा आहे. चाळीस मुलांनी एकच पुस्तक चाळीस वेळा घेतलं, तर वर्गात एकच पुस्तक आलं. चाळीस वेगवेगळी घेतली आणि आपसात फिरवली, तर प्रत्येकाला चाळीस मिळाली. आपल्या बचत गटाचा हिशेब यापेक्षा काय वेगळा आहे?

आता मद्रासकडं जाऊ या. तिथं एस. आर. रंगनाथन नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. 1924 साली त्यांना मद्रास विद्यापीठाचं ग्रंथपाल नेमलं. सुरुवातीला त्यांना हे काम अगदी नकोसं झालं होतं. त्यांना शिकवणं आवडायचं आणि इथं तर दिवसभर कुणी फिरकत नसे. पण पुढं इंग्लंडमध्ये जाऊन त्यांनी तिथली ग्रंथालयं पाहिली आणि परत आले ते हे काम आयुष्यभर करण्यासाठी. 1931 साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. जगभरचे ग्रंथपाल आजही ते शिकतात. त्यांचा जन्मदिवस, 12 ऑगस्ट, आपल्याकडं ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात.

ते पाच नियम मी माझ्या भाषेत सांगते. पहिला, पुस्तकं वापरायसाठी असतात. कणगीत ठेवलेल्या बियाण्याला पीक येत नाही, तसंच हे. दुसरा, प्रत्येक वाचणाऱ्याला त्याच्याजोगं पुस्तक मिळालं पाहिजे. यात मुलगी आली, म्हातारा आला, नुकतंच वाचायला शिकलेली बाईही आली. तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचणारा मिळाला पाहिजे, म्हणजे ते कपाटात वाट बघत पडता कामा नये. चौथा, वाचणाऱ्याचा वेळ वाया घालवू नये. पाचवा, ग्रंथालय वाढतं असतं. जुनं झडतं, नवं येतं.

मी हे पाच नियम पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ती सातवीतली मुलगी आठवली. पहिल्या चार नियमांत मी नापास होते. आणि पाचव्यातही, कारण माझी दोनशे चौदा शेवटपर्यंत दोनशे चौदाच होती.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं माध्यमिक शिक्षणासाठी मुदलियार आयोग नेमला. त्याचा अहवाल 1953 साली आला. त्या आयोगानं देशभरच्या शाळांतली ग्रंथालयं पाहिली आणि जे दिसलं ते स्पष्ट लिहिलं. पुस्तकं जुनी, मुलांच्या आवडीचा विचार न करता घेतलेली. चार फळ्यांवर रचून एखाद्या कळकट खोलीत ठेवलेली. आणि त्यांचा कारभार कुणाकडं, तर एखाद्या कारकुनाकडं किंवा ज्याला पुस्तकांची गोडी नाही अशा शिक्षकाकडं. आयोगाचं म्हणणं होतं की शाळेला शिकलेला ग्रंथपाल हवा आणि त्याचा पगार व मान वरिष्ठ शिक्षकांच्या बरोबरीचा हवा. हे लिहून आता सत्तर वर्षं उलटली. आपल्या राज्यात माध्यमिक शाळेत ग्रंथपाल मिळणार की नाही, हे पटसंख्येवर ठरतं. मोठ्या शाळेला पूर्णवेळ ग्रंथपाल, त्याहून लहान शाळेला अर्धवेळ, आणि अगदी लहान शाळेला मिळतच नाही. गावातल्या पहिली ते सातवीच्या शाळेत तर हे पदच नाही. तिथं किल्ली शिक्षकाकडंच राहिली.

1987 साली ‘खडू-फळा’ मोहीम आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, निदान दोन शिक्षक, त्यातली शक्यतो एक बाई, आणि शिकवण्याचं साहित्य, असं ते धोरण होतं. माझ्यासारख्या कितीतरी जणी त्या काळात शाळांत आल्या. साहित्याबरोबर पुस्तकंही आली. म्हणजे पेटी आली आणि शिक्षिकाही आली. पण पेटी उघडून काय करायचं, हे सांगणारं कुणी आलं नाही. वस्तू नोंदवहीत चढल्या. नोंदवहीत चढलेली वस्तू हरवली की जाब विचारला जातो. न वापरता वाळवीनं खाल्ली, तर फारसं कुणी विचारत नाही. कुलूप का लागलं, याचं कारण यात आहे. शिक्षक वाईट नव्हते, भ्यायलेले होते.

मग 2009 साली शिक्षण हक्क कायदा झाला. 1 एप्रिल 2010 पासून तो लागू झाला. त्याच्या परिशिष्टात साफ लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल, तिथं वर्तमानपत्र, मासिकं आणि सगळ्या विषयांची पुस्तकं, गोष्टींची पुस्तकंसुद्धा, मिळतील. बायांनो, हे लक्षात ठेवा. ग्रंथालय ही आता शाळेची मेहेरबानी राहिली नाही, तो मुलाचा हक्क आहे. मात्र त्याच परिशिष्टात वरच्या वर्गांसाठी कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक सांगितलेत, ग्रंथपालाचा उल्लेख नाही. 2018 पासून समग्र शिक्षा योजनेत ग्रंथालयासाठी वार्षिक अनुदान ठरलं. शाळा कितवीपर्यंत आहे त्याप्रमाणं ते 5 हजारांपासून 20 हजार रुपयांपर्यंत आहे. म्हणजे पुस्तकं आली, पैसे आले. पुस्तक मुलाच्या हातात देणारं माणूस मात्र अजून शिक्षकातूनच घडवावं लागतं.

त्या माणसाचं काम आता पार बदललंय. पूर्वी मोजायचं आणि राखायचं. नंतर द्यायचं आणि परत घ्यायचं. आता याहून पुढं जावं लागतं. मुलांना गोळा करून पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवायचं. कुणाला काय आवडतं ते ओळखायचं. चित्रांचं पुस्तक कुणाला, भुताच्या गोष्टी कुणाला, किडे-पाखरांची माहिती कुणाला, हे ठरवायचं. पुस्तकाची पाठ दिसेल असं न ठेवता मुखपृष्ठ दिसेल असं मांडायचं. मोबाईलवर आलेलं खरं की खोटं, ते पुस्तकात कसं पडताळून बघायचं, हेही त्यानंच शिकवायचं. ग्रंथालय चालवणाऱ्या शिक्षकांसाठी आता वेगळे अभ्यासक्रमही निघालेत. टाटा ट्रस्टच्या ‘पराग’ उपक्रमानं असा अभ्यासक्रम चालवलाय. गोव्यातली ‘बुकवर्म’ ही संस्था मुलांच्या ग्रंथालयाचं असंच काम करते. बडोद्याच्या त्या वर्गाची ही पुढची पिढी म्हणायची.

आता माझ्या शेवटच्या शाळेची गोष्ट सांगते आणि थांबते.

तिथं शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला एक आई यायची. स्वतः चौथी शिकलेली, बचत गटाची खजिनदार. सभेत सहसा बोलायची नाही. एकदा माझ्यामागच्या कपाटाकडं बघत तिनं विचारलं, “बाई, हे कधी उघडता?” मी म्हटलं, लागेल तसं. ती म्हणाली, “आमच्या गटाची पेटी दर महिन्याला उघडती. पेटी एकीकडं, किल्ली दुसरीकडं. पैसा फिरला न्हाई तर गट कशाला म्हणायचा? एखादीचा हप्ता चुकतो, म्हणून काय आम्ही कर्ज देणं बंद करतो का?”

सभेत सगळे हसले. मलाही हसू आलं, पण उत्तर सुचलं नाही. माझ्या पहिल्या गुरुजींनी दिलेली भीती त्या बाईनं एका वाक्यात सोडवली होती.

त्याच सभेत ठराव झाला. वापरताना पुस्तक फाटलं किंवा एखादं हरवलं, तर समिती ते मान्य करील, एकट्या शिक्षकावर बोजा नाही. वाळवी लागलेल्या पुस्तकांचं रीतसर निर्लेखन करायचं, म्हणजे नोंदवहीतून कमी करायची. दर बुधवारी शेवटच्या तासाला कपाट उघडायचं. देवघेवीची वही सातवीच्या दोन मुलींकडं. व्हरांड्यात सुतळी बांधून त्यावर पुस्तकं उघडी टांगायची, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. पहिल्या वर्षी नऊ पुस्तकं हरवली. त्यातली तीन दिवाळीच्या साफसफाईत मुलांच्या घरी सापडली. सहा गेली ती गेलीच. पण देवघेवीची वही वर्षात भरली आणि दुसरी आणावी लागली. ती खजिनदार बाई बुधवारी मुलाला न्यायच्या निमित्तानं यायची आणि व्हरांड्यात बसून बोट ठेवून वाचायची. तिनं वर्षभरात किती पुस्तकं वाचली ते मी मोजलं नाही. मोजायची सवय मी तेव्हा सोडून दिली होती.

मैत्रिणींनो, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत निदान पाऊण भाग पालकांचा असावा आणि सगळ्या सदस्यांत निम्म्या बायका असाव्यात, असं कायदाच सांगतो. शाळेचा विकास आराखडा करणं आणि आलेलं अनुदान कसं खर्च झालं त्यावर लक्ष ठेवणं, हे समितीचं काम आहे. म्हणजे तुमच्यातल्या कितीतरी जणी आत्ता त्या समितीत असतील. काहींची तर फक्त सही घेतली जात असेल.

पुढच्या सभेला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. ग्रंथालयाचं कपाट कोणत्या वारी उघडतं? देवघेवीची वही दाखवता का? यंदाच्या अनुदानातून कोणती पुस्तकं आणली आणि ती मुलांनी निवडली का? भांडायची गरज नाही. बाईंना, गुरुजींना सांगा की एखादं पुस्तक हरवलं तर आम्ही तुमच्या पाठीशी आहोत, तसा ठराव लिहून घेऊ. एकट्या शिक्षकाच्या हातातलं कुलूप बहुतेक वेळा भीतीचं असतं. भीती वाटून घेतली की ते उघडतं, हे मी स्वतः पाहिलंय.

आणि जमलं तर एका बुधवारी तुम्हीही व्हरांड्यात जाऊन बसा. तुमच्या काळात एखादं लाल पुठ्ठ्याचं पुस्तक जाळीआड राहून गेलं असेल, तर ते आता मागून घ्या.